गुढियारीतली मारबत

"कल ट्रक भेज देते हैं, मॅडम. एक दिन में साफ," आमचे साहेब म्हणाले.

"सर, मागच्या वेळी तेच केलं होतं."

तेच केलं होतं, आणि रायपूरच्या गुढियारी भागातलं डोंगरेकाकांचं सरकारी घरकुल दिवाळीपर्यंत पुन्हा छतापर्यंत सामानाने भरलं होतं. वर काकांनी आतून दुसरी कडी बसवून घेतली. काका रेल्वेतून रिटायर झालेले, एकटे. रद्दी, तुटक्या खुर्च्या, डबे, काही म्हणून टाकत नसत. हा आळस नव्हे, आजार असतो. वस्तू टाकायची म्हटलं की जीव कासावीस होतो. मी वसाहतीची समाजसेविका. लोकांना त्यांच्या घरात टिकवणं हे माझं काम. या वेळी शेगडीभोवती कागदांचे ढीग पाहून शेजारी घाबरले होते. बाथरूम भरल्यामुळे अंघोळ बंद, पायाची जखम चिघळलेली. वाट मोकळी झाली नाही तर काकांचं घर जाणार होतं.

मी साहेबांकडून आठवडा मागून घेतला.

"काहून येऊन राहिली पोरी? मले काही फेकाचं नाही," काका दारातूनच म्हणाले.

"नका फेकू." पायाला पट्टी बांधली आणि परत आले. असं रोज.

मधे पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. रोगराई, इडा-पिडा गावाबाहेर जावी म्हणून ओरडत पुतळ्याची मिरवणूक काढतात. माझं माहेर तिथलं, काकांचं बालपणही.

"काका, रायपुरात मारबत कोणी काढत नाही. आपण काढू?"

 काकांनी बाथरूममधली कुजलेली गादी स्वतः ओढत जिन्यापर्यंत नेली. "इडा-पिडा घेऊन जा गे मारबत," असे ओरडले की शेजारी बाहेर आले. मागोमाग शेगडीजवळची रद्दी गेली. मी एका खुर्चीला हात लावला.

"ते पिडा नाही. खुर्ची आहे."

खुर्ची राहिली. संध्याकाळी काका अंघोळ करून बाहेर आले तेव्हा मला रडू आवरेना.

साहेब पाहायला आले. "अभी भी तो भरा है."

"हो सर. पण शेगडीपासून दारापर्यंत चालता येतं."

साहेब स्वतः चालून पाहून आले. घर वाचलं.

ते अजूनही भरलेलंच आहे. पण दर अमावास्येला काकांचा फोन येतो, "ये पोरी, मारबत काढाची आहे." ती वर्षातून एकदाच निघते, हे त्यांनाही ठाऊक आहे. ट्रक आम्ही आजही पाठवतो. फक्त कधी पाठवायचा, ते आधी काकांना विचारतो.