कुंपणाशी बसायचं राहिलं

आमच्या जिल्ह्यात हेलिकॉप्टरं यायची ती माणसं मरत होती म्हणून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला बरं पडेल. कापसाची ती वाईट वर्षं होती. कुठल्या तरी गावात कुणीतरी जीव द्यायचं, मग मुंबईहून, दिल्लीहून मोठी माणसं भेटीला यायची आणि यवतमाळच्या आभाळात घरघर सुरू व्हायची. माझे बाबा महसूल खात्यात कारकून. हेलिपॅडची तयारी त्यांच्याच टेबलाला चिकटलेली होती. मैदान झाडून घ्यायचं, टँकर बोलावून धूळ बसवायची आणि चुन्याने गोल आखून मधोमध इंग्रजी एच काढायचा. बाबांचा एच इतका रेखीव यायचा की दुसऱ्या तालुक्यांतूनही त्यांना बोलावणं येई. ते घरी परतायचे तेव्हा चपलांना चुना लागलेला असायचा आणि ते कुणाशी बोलायचे नाहीत. मी मात्र दारातच गाठायची. "बाबा, पायलट कसा होता? गॉगल होता का त्याला?"

पायलट व्हायचं वेड मला तिथून लागलं. दुसऱ्यांच्या घरच्या सुतकातून मी माझं स्वप्न उचललं, याची मला आजही लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा मी गच्चीवर जाऊन हात हलवायची.

बारावी झाली, मार्क बरे पडले, आणि मी हट्टाला पेटले. आईच्या नावावर कळंबच्या पुढे थोडं शेत होतं. ते तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझा मामा, वाहत होता. माझ्या शिक्षणासाठी तेच विकायचं ठरलं. दुसरं विकण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे एकदाच निवडायचं होतं आणि नीट निवडायचं होतं. मामाने एका शब्दाने अडवलं नाही. फक्त म्हणाला, "शाळा पाह्यले मी बी येतो."

तो येऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. मामा बोलायचा तर शेताच्या या धुऱ्यावरचं त्या धुऱ्यावर ऐकू जाईल असं. खांद्यावर दुपट्टा, खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी, आणि जिथे जाईल तिथे वस्तूला हात लावून पाहायची सवय. पण शेत त्याच्या हातचं जाणार होतं. नाही कोण म्हणणार? बसने धामणगाव, तिथून रेल्वेने पुढे, असे आम्ही तिघं दुसऱ्या राज्यात गेलो. दोन जागा पाहायच्या होत्या आणि बाबांना रजा मोजकी मिळाली होती.

पहिली जागा म्हणजे एक जुना फ्लाइंग क्लब. टिनाचं शेड, रंग उडालेली दोन लहानशी विमानं. आम्ही फाटकाशी अर्धा तास उभे होतो, तेवढ्यात एक उतरलं आणि दुसरं गेलं. तिथले मुख्य शिक्षक फडक्याला हात पुसत बाहेर आले, तरी बोटांना ऑइल राहिलंच होतं. म्हणाले, मुलीला घेऊ, पण रांग मोठी आहे, नंबर यायला वर्ष लागेल. तोवर डोळ्या-कानाची तपासणी करून घ्या, पुस्तकं वाचा. एवढं बोलून ते परत शेडमध्ये गेले. चहासुद्धा विचारला नाही.

"मानूस कामाचा हाय," मामा म्हणाला.

बाबांना ते गृहस्थ उर्मट वाटले. आणि मला वर्षभर थांबायचं नव्हतं. यवतमाळात सगळ्या मैत्रिणींना मी आधीच सांगून बसले होते.

दुसऱ्या दिवशीची शाळा पाहताच मी हुरळून गेले. काचेचं दार, गारेगार खोली, मऊ सोफे. पांढऱ्या शर्टावर खांद्याला सोनेरी पट्ट्या लावलेली मुलं-मुली बाहेरून ये-जा करत होती. टायवाल्या व्यवस्थापकांनी आम्हाला थंड पाणी दिलं, मग कॉफी दिली, मग गुळगुळीत कागदावर छापलेलं माहितीपुस्तक दिलं. त्यावर ढगांतून जाणारं विमान होतं. शेवटी त्यांनी बाबांसमोर एक जाडजूड फाइल ठेवली. सगळ्या परवानग्या, सगळी मान्यतापत्रं, शिक्के, सह्या, तारखा.

बाबा त्या फाइलीत रमले. यात त्यांचा दोष फार नाही. हेलिपॅडखेरीज त्या वर्षांत त्यांच्याकडे आणखी एक काम होतं. गेलेल्या माणसाच्या घरच्यांना सरकारी मदत द्यायची की नाही, त्या फायली लावायच्या. कागद पूर्ण असले तर पात्र. एखादा कमी पडला तर अपात्र. त्या घरात चूल पेटते का, पोरं काय खातात, हे फाइलीत कुठे येत नाही. रोज हेच करून करून बाबांचा सगळा भरवसा कागदावर जाऊन बसला होता. त्यांनी त्या फाइलीचं पान न् पान उलटलं, अनुक्रमणिका ताडून पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "एक कागद कमी नाही." इतके खूश मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

मामा खोलीत नव्हता. मी शोधायला बाहेर गेले, तर तो विमानांच्या रांगेत होता. सहा विमानं उभी होती, पांढरीशुभ्र. एका विमानाच्या नाकाशी, पंख्याच्या बाजूला हवा जायची भोकं असतात, त्यातल्या एकात मामाने मनगटापर्यंत हात घातला होता.

"मामा, हात नका लावू! लोक बघतात."

त्याने हात बाहेर काढला. मुठीत वाळलेलं गवत होतं, सुतळीचे तुकडे, एक पीस.

"हे पाह्य माय. याच्यात चिमण्यायनं घर केलं. अन् चाकाखाली पाह्य."

चाकाभोवती हरळी माजली होती. मी पाहिलं. हे मला आज लिहून ठेवायचं आहे, की मी ते नीट पाहिलं. मग मामाला दंडाला धरून आत नेलं.

आत गेल्यावर त्याने सगळ्यांसमोर मूठ उघडली. टायवाले हसले. "अंकल, वो मेंटेनन्स में है." बाबाही हसले, साहेबासमोर हसायचे तसं. आणि मामाचा तो गवताचा पुंजका चकचकीत टेबलावर पडलेला पाहून मला इतकी शरम वाटली की मीही हसले.

बाहेर पडल्यावर शाळेच्या तारेच्या कुंपणाशी एक बाभूळ होती, तिथे मामा थांबला. "भाऊजी, दोन रोज इथंच राहू. या झाडाखाली बसू अन् किती इमानं उडते ते मोजू. मी सोयाबीन पेरतो तं आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात बांधून ठेवतो. किती उगवले ते मोजतो, मंग पेरतो. पऱ्हाटी मात्र थैलीवरचं बोंडाचं चित्र पाहून पेरली, तं काय हाल झाले तुमी पाहूनच राह्यले. हे लोक बी चित्रच दाखवून राह्यले."

बाबा घड्याळाकडे बघत म्हणाले, "परवा समितीची बैठक आहे, भाऊ. मदतीच्या फायली माझ्याकडे आहेत. नाही थांबता येणार."

मग मामा माझ्याकडे वळला. "तू सांग माय. तुह्यासाठी आलो. मी एकटा थांबतो, तुमी जा."

तो खरंच थांबला असता. धर्मशाळेत झोपला असता, भजी खाऊन दिवस काढला असता आणि बोटांवर मोजून मला सांगितलं असतं. मी हो म्हणायचं, एवढंच बाकी होतं. मी म्हणाले, "मामा, हे काय सोयाबीन आहे का?"

बाबांना हसू आवरेना. मामाही हसला. दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि आमच्यामागे स्टेशनकडे चालू लागला.

पुढचं काय झालं ते वाचणाऱ्याला कळलंच असेल, पण सांगायला हवं. शेत विकलं. मला पांढरा शर्ट मिळाला. खांद्यावरच्या पट्ट्या आरशात पाहण्यात माझा पहिला आठवडा गेला. शाळेत एक फळा होता. त्यावर रोज सकाळी खडूने त्या दिवशी उडणाऱ्यांची नावं लिहीत. एका उड्डाणाला सॉर्टी म्हणतात. परवान्याला दोनशे तास उडावं लागतं. पहिल्या सहा महिन्यांत माझे नऊ तास झाले, तेही ओढूनताणून. कधी इंधन आलेलं नसायचं, कधी सुटा भाग यायचा असायचा, कधी हवा चांगली नसायची, आणि हवा चांगली असली की शिक्षक नोकरी सोडून गेलेले असायचे. सहापैकी पाच विमानांना मी कधीच हललेलं पाहिलं नाही. कागद मात्र सगळे जागच्या जागी होते. बाबांनी वाचलेली फाइल खोटी नव्हती. तिच्यात विमान उडतं असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, इतकंच.

मी त्या बाभळीखाली जाऊन बसायला लागले. मामाने सांगितलेलं काम मी आता करत होते. आज शून्य. उद्या शून्य. परवा एक. सोडून जावं तर भरलेलं परत मिळणार नव्हतं, आणि गावाकडे जाऊन तोंड काय दाखवणार? घरून फोन आला की मी ढगांचं वर्णन करायची. मामाचा फोन असला की तो एवढंच विचारी, "उडून राह्यली ना?" मी म्हणायची, हो मामा. तो आता दुसऱ्याचं शेत बटईने करत होता. सोयाबीन कसं आहे, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

दुसऱ्या वर्षी एक दिवस व्यवस्थापकांनी मला बोलावलं. एक मुलगी तिच्या वडिलांबरोबर शाळा पाहायला येणार होती, मराठी बोलणारी माणसं होती. मी त्यांना सगळं दाखवायचं. "अच्छे से बात करना. आज बोर्ड पर पहला नाम तुम्हारा." माझी शेवटची सॉर्टी होऊन दोन महिने झाले होते. मी कशाला नाही म्हणणार होते? सकाळी मला आणि आणखी एकाला विमानं पुसायला लावली. भोकांतलं गवत मी स्वतः काढलं. एकाही घरट्यात अंडी नव्हती, एवढं बरं झालं. चाकांजवळची हरळी खुरप्याने खरवडली आणि मग हात धुऊन पट्ट्या लावल्या.

ते वडील आमच्याच भागातले निघाले, दारव्ह्याकडचे. शाळामास्तर होते. मुलगी माझ्यासारखीच, डोळे मोठे करून सगळं पाहणारी. मी त्यांना सोफ्यांची खोली दाखवली, फळा दाखवला, पांढरीशुभ्र विमानं दाखवली. व्यवस्थापक जरा बाजूला झाले तशी त्या गृहस्थांनी आवाज खाली आणला.

"पोरी, तू आपल्याइकडली. खरं सांग, इथं शिकवतेत काय? मले काही समजत नाही यातलं. म्हणून ठरवलं, आज दिवसभर त्या कुंपणापाशी बसतो अन् किती उडते ते पाह्यतो."

मामा सोडून हे कुणाला सुचेल असं मला वाटलंच नव्हतं. एक शब्द पुरेसा होता. परत जा, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते हुशार होते, लगेच समजले असते. पण धावपट्टीशी एकुलतं एक चालू विमान इंधन भरून उभं होतं आणि फळ्यावर माझं नाव होतं.

"उडतात ना काका," मी म्हणाले. "आता माझंच आहे. पाहा तुम्ही."

मी आणि शिक्षक वर गेलो. शिक्षकांना आधीच सांगून ठेवलेलं असावं, कारण त्यांनी मला लांब नेलंच नाही. धावपट्टीभोवती घिरटी घालायची, चाकं टेकवायची आणि न थांबता पुन्हा उचलायचं. पहिल्या उड्डाणानंतर एकदा, दोनदा, तीनदा. दर वेळी कुंपणावरून जाताना बाभळीखाली ती दोघं दिसायची. मुलगी उभी राहून हात हलवत होती. आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद होत होता. दोन महिन्यांनी हातात विमान आलं होतं, आभाळ स्वच्छ होतं, आणि मी त्यांच्यासाठी पंख जरा तिरका करून दाखवला.

मी पायलट झाले नाही. शाळा पुढे बंद पडली तेव्हा माझे एकूण अडतीस तास झाले होते. बाबांनी माझी लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, चाळली, सगळ्या सह्या आणि शिक्के तपासले आणि जपून कपाटात ठेवली. मामाने मला त्यानंतर कधीच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण या सगळ्यापेक्षा मला आठवतो तो पुढच्या बॅचचा पहिला दिवस. नवा पांढरा शर्ट घातलेली ती मुलगी धावत माझ्याकडे आली. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"ताई, वळखलं? त्या दिवशी बाबायनं मोजलं होतं. चार खेपा इमान उडालं म्हणे. म्हणूनच तं ते हो म्हणाले."

मी पेढा घेतला. ती फळ्याकडे गेली आणि आपलं नाव शोधू लागली. त्या दिवशी फळ्यावर कुणाचंच नाव नव्हतं.