एक चूल, एक खातं

शिवणकाम शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. अ‍ॅप करायला शिकले ते साठी उलटल्यावर. विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसायचं, व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, परत मागं न्यायचा. शिकवणारं कुणी नव्हतं. त्यामुळं पहिलं अ‍ॅप चालायला लागलं तेव्हा मी लय मिरवले.

ते केलं माहेरच्या बायकांसाठी. माहेर तासगावजवळ, भावाचं बेदाण्याचं शेड आहे. तिथं बेदाणा निवडायला येणाऱ्या बायकांना काहीबाही टिपून ठेवायचं असतं. कुणाला मसाल्याचं प्रमाण, कुणाला डॉक्टरला विचारायचं ते. पण फोन हातात राहतोय कुठं? चार्जिंग संपतं, नाहीतर पोरं घेऊन बसतात. म्हणून मी असं केलं, की एका फोनवर अर्धं लिहिलेलं दुसऱ्या फोनवर उघडलं की आपोआप समोर यावं आणि तिथून पुढं लिहिता यावं. हे जमवायला मला दोन महिने लागले, डोळे चुरचुरायचे.

सुरक्षेचंही शिकले होते. बाहेरच्या कुणाला आत शिरता येऊ नये याची काळजी घेतली. पण घरात? निम्म्या बायकांची सिमकार्डं नवऱ्याच्या नावावर, पासवर्ड कुणाच्या ध्यानात राहणार? रेशनकार्ड घराचं एक, गॅसचं पुस्तक एक. मी म्हटलं, चूल एक तर खातंही एकच करू. घरातल्या घरात काय लपवायचं असतं?

माझी भाचेसून अबोल आहे. भाचा फौजेत, लांब सरहद्दीकडं. मागं एकदा तिला दिवस गेले होते, ते तिसऱ्या महिन्यात वाया गेलं. त्यानंतर गावातल्या बायकांच्या चौकशा तिनं कशा सोसल्या ते मी बघितलं होतं. या खेपेला तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. तो सुट्टीवर येणार होता, तेव्हा समोर बसवून सांगायचं असं तिनं ठरवलेलं. शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत तिनं फोनवर लिहायला घेतलं, डॉक्टरीणबाईंना काय काय विचारायचं ते. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि ते अर्धवट राहिलं.

इकडं घरी वहिनींनी, म्हणजे तिच्या सासूनं, टॅबवर लोणच्याचं प्रमाण बघायला अ‍ॅप उघडलं. ते अर्धवट लिहिलेलं त्यांच्यापुढं आलं. खाली प्रश्न होता, पुढं लिहायचं का? तो प्रश्न मीच घातलेला.

वहिनी वाईट नाहीत. त्यांचा आनंद मावेना. त्या तशाच शेडवर गेल्या आणि सगळ्या बायकांदेखत सुनेच्या तोंडात गूळ घातला. त्यातल्या एकीचा मुलगा भाच्याच्याच युनिटात. संध्याकाळच्या आत भाच्याला त्याच्या दोस्तानं मिठी मारली.

मला हे कळलं वहिनींच्या फोनवरून. "वन्सं, तुमच्या अ‍ॅपनं गोड बातमी दिली बगा," म्हणाल्या. मी हसले खरी, पण फोन ठेवल्याबरोबर एसटीची वेळ बघितली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं तासगाव गाठलं. भाचेसून चहा ठेवत होती.

"त्यानं काय म्हटलं?" मी विचारलं.

"म्हणाले, सगळ्या युनिटला म्हाईत आन् मलाच न्हाई व्हय?" तिनं साखर टाकली. "हसत म्हणाले. पण मग लगीच फोन ठिवला."

"माझी चूक झाली गं. मला वाटलं, घरातल्या माणसांत..."

"आत्या, तुमचं लिवलेलं कुठं असतंय? तुमच्या घरच्या खात्यात?"

"न्हाई."

"मग?"

"माझं वेगळं हाय. पयल्यापासनं."

"मामांना पासवर्ड म्हाईत हाय?" तिनं माझ्या नवऱ्याचं विचारलं.

"न्हाई."

तिनं चहा गाळला, कप माझ्यापुढं सरकवला. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. माझं मन मी पहिल्या दिवशीच कुलपात ठेवलं होतं, अगदी विचार न करता. आणि या पोरीला कुलूप कशाला लागतंय, हेही मीच ठरवलं होतं.

आता प्रत्येकीचं खातं वेगळं आहे. नवीन फोनवर उघडायचं तर जुन्या फोनवर त्या बाईनं स्वतः होकार द्यावा लागतो. वहिनींनी सगळ्यांत आधी घेतलं आणि भावाला पासवर्ड सांगत नाहीत.

भाचेसुनेला सातवा महिना चालू आहे, तब्येत बरी आहे. तिचंही खातं मी तयार करून ठेवलंय. आत काय लिहिलंय ते मला दिसत नाही, एवढंच दिसतं की कुणी उघडलं आणि कुणी नाही. तिनं अजून उघडलेलं नाही. आणि मी तिला 'उघड' म्हणत नाही.