आधी बी. ए., मग बारावी

दादाचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत झेरॉक्सच्या दुकानात सुमनवहिनींच्या आधार कार्डाच्या दोन प्रती काढून घेत होतो. त्यांच्या एम. ए.च्या पहिल्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, आणि फॉर्म म्हटलं की आमच्या घराण्यात माझंच नाव निघतं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, अकोल्याला जठारपेठेत राहतो. बोलण्याच्या बाबतीत भारी चिक्कू माणूस. म्हणाला, "तो फॉर्म भरू नको." मी म्हणालो, "अरे, परवा मुदत संपते." पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला... तेव्हा कळलं. आपली वहिनी गेल्याची बातमी येते आणि ज्याच्या तोंडून मुदतीची भाषा निघते, तो मी. या लेखात माझ्याविषयी याहून बरं काही सापडणार नाही, हे वाचकांनी आधीच समजून असावं.

वहिनी दर्यापूरकडच्या. दहावी झाली, अकरावीत नाव घातलं आणि दिवाळीनंतर लग्न उरकलं. पुढे दोन मुलं, सासू-सासऱ्यांची दुखणी, त्यात पंचवीसेक वर्षं कशी गेली ते त्यांनाच ठाऊक. धाकटा नोकरीसाठी पुण्याला गेला त्या उन्हाळ्यात मी अकोल्याला गेलो होतो, तेव्हा जेवायला वाढता वाढता त्या म्हणाल्या, "भाऊजी, मले कॉलेजात जाचं हाय." दादा भाकरी मोडत राहिला. मी विचारलं, "पदवी पाहिजे का?" तर म्हणाल्या, "पदवीचं पाहू मंग. मले वर्गात बसाचं हाय. मास्तर शिकवते, आपण मधातच काही विचारतो... तसं."

आता मी कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं काढलेला बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क. माझ्यासमोर असं काही बोलणं म्हणजे वैद्यासमोर खोकणं. रस्ते दोन होते. एक म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरून घरून बारावीची परीक्षा द्यायची आणि मग सरळ कॉलेजात जायचं. दुसरा मुक्त विद्यापीठाचा. तिथे बारावी लागत नाही, पूर्वतयारीची एक परीक्षा दिली की थेट बी. ए.ला प्रवेश. मी ताटावरूनच निकाल दिला, "बारावी कशाला? दोन वर्षं वाचतात. पूर्वतयारी करा." वहिनींनी एकदाच विचारलं, "पुढं काही अडणार नाई ना?" मी हात उडवला. त्या हात उडवण्याचा आवाज मला अजून येतो, हातांना आवाज नसतो तरीही.

बारावी न होता वहिनी विद्यापीठात गेल्या. ओळखपत्र आलं तेव्हा मला फोनवर म्हणाल्या, "फोटोत मी चोरासारखी दिसून राहिली, पण विद्यार्थिनी लिहिलं हाय खाली." रविवारी अभ्यासकेंद्रात वर्ग असत. असत म्हणजे कागदावर असत. बहुतेक रविवारी त्या एकट्याच बाकावर आणि समोर मोबाइल बघणारे सर. एका रविवारी सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही सही करून गेल्या तरी चालते." वहिनी म्हणाल्या, "तुमी जा सर. मी बसतो थोडी." अशी पाच वर्षं बसून त्या बी. ए. झाल्या.

मग त्यांनी खऱ्या वर्गाची गोष्ट काढली. मराठीत एम. ए., अमरावतीला, रोजच्या तासांचं कॉलेज. सोमवार ते गुरुवार आमच्याकडे राहायचं ठरलं. मी फाईल काखेत मारून त्यांच्यासोबत मोठ्या ऐटीत खिडकीवर गेलो. आतल्या बाईंनी कागद उलटले आणि विचारलं, "बारावीची गुणपत्रिका?" मी म्हणालो, "बी. ए. झालंय ना." त्या म्हणाल्या, "झालं असन. आमच्या इथं पात्रतेले बारावी लागते." मी त्यांच्याशी नियमांवर भांडलो. तीस वर्षं मी खिडकीच्या आत बसून जे बोलत आलो, ते सगळं त्या बाईंनी मला त्याच सुरात ऐकवलं. वहिनी मागे उभ्या होत्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "म्हणजे आता बी. ए. झालेल्या बाईनं बारावी कराची. हसू नका भाऊजी, तुमीच सांगतलं होतं."

सतरा नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो होता. पण कसा होता... वहिनी बी. ए. झाल्या त्या आनंदात मी त्यांचे सगळे कागद नेऊन लॅमिनेट करून आणले होते. कडक, चकचकीत, धुतले तरी चालतील असे. अकोल्याच्या केंद्रावरच्या माणसाने दाखला उलटसुलट करून वाजवून पाहिला आणि म्हणाला, "यावर शिक्का कुठं मारू? मूळ कागद द्या." कोणत्याही मूळ कागदाला प्लास्टिक लावू नका, असं मी स्वतः सूचनाफलकावर टाइप करून लावत असे. दादाच्या घरी येऊन मी गरम इस्त्रीने प्लास्टिक सोडवायला घेतलं. प्लास्टिक निघालं. सोबत शाळेचा शिक्का, मुख्याध्यापकांची सही आणि वहिनींच्या माहेरच्या आडनावाचा अर्धा भागही निघाला. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, बघत उभ्या राहिल्या. "भाऊजी, तुमी मले शिकवून राहिले का माह्या दाखल्याले इस्तरी करून राहिले?" दादा त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसला. वहिनीही हसल्या. त्या हसल्या म्हणून मी सुटलो असं मला वाटलं.

शाळेतून दुसरा दाखला काढण्यात, प्रतिज्ञापत्रात, जुनी रजिस्टरं शोधण्यात त्या वर्षीची मुदत गेली. पुढच्या वर्षी त्या परीक्षेला बसल्या. शेजारच्या बाकावर त्यांच्याच गल्लीतली पोरगी, तिने पेपरानंतर विचारलं, "काकू, तुम्ही नापास झाल्या होत्या का?" वहिनी म्हणाल्या, "नाई गं, मी पुढं जाऊन वापस आली."

गेल्या जुलैत त्यांना प्रवेश मिळाला. बावीस दिवस त्या वर्गात बसल्या. संध्याकाळी आमच्या अंगणात बसून मला सांगत, आज सरांना काय विचारलं, सर कसे गडबडले. मग भूक मेली, पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, फार पसरलंय. दोन-तीन वर्षं आधी आल्या असत्या तर, असं काही ते म्हणाले नाहीत. दुखणं तेव्हा नव्हतंच. पण दोन वर्षं आधी वर्ग मात्र होता. तो मी अडवला, ताटावर बसून. शेवटी शेवटी मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या. पुढच्या धड्याच्या नोट्स आणता का कोणाकडून?" आणल्या. वाचून दाखवल्या. त्या ऐकत होत्या की झोपल्या होत्या, मला सांगता येणार नाही.

तेराव्यानंतर दादा म्हणाला, तिचे मूळ कागद कॉलेजात आहेत, तेवढे आण. मी खिडकीवर गेलो. त्याच बाई. त्यांनी मृत्यूचा दाखला वाचला, मला आत बोलावून खुर्ची दिली आणि मूळ कागद परत द्यायचे म्हणून कॉलेज सोडल्याचा दाखला भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, वर्तणूक : चांगली. मग पेन थांबला. "काका, सोडण्याच्या कारणात काय लिहू?"

या रकान्यात मी जन्मभर 'पालकांच्या विनंतीवरून' असं न बघता लिहीत आलो. त्या दिवशी म्हणालो, कोरा ठेवा. त्या म्हणाल्या, "कोरा ठेवता येत नाई. अन् हा भरल्याशिवाय पटावरचं नाव कमी होत नाई." मी म्हणालो, उद्या सांगतो.

तीन आठवडे झाले, वहिनींचं नाव अजून पटावर आहे. दादा रोज फोनवर विचारतो, झालं का. मी सांगतो, बाई रजेवर आहेत.