सकाळचं क्लॅरोनेट

माझे वडील अमळनेरला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून आम्हीही. वरात निघायच्या आधी नवरदेवाकडच्यांनी बँडवाल्यांची ‘सोय’ करायची, ही आमच्याकडची रीत. आहेर विसरला तर चालेल, सोय विसरायची नाही. दोन घोट पोटात गेल्याशिवाय नानांचं वाद्य बोलत नाही, असं लोक सांगत. ऐकून ऐकून नानांनाही ते पटलं होतं.

आम्ही मात्र घरातले. रोज सकाळी ते ओट्यावर बसून वाजवत, तेव्हा पोटात नुसता चहा असायचा. वरातीत पोरं ज्या चालींवर बेभान व्हायची, त्या तिथेच जमायच्या. हळू, अडखळत, पुन्हा पुन्हा. भाकरी थापता थापता आईचा हात थांबायचा. संध्याकाळी दारू तेच वाजवायची, फक्त मोठ्यानं. असं मी म्हटलं की नाना हसायचे. म्हणायचे, ‘‘तुला काय कळतं वरातीतलं!’’

मग लिव्हरनं हात टेकले. आता एक थेंबही चालणार नाही, असं जळगावच्या डॉक्टरांनी बजावलं. नानांनी सोडली. खरंच सोडली. बोटं थरथरायची, तरी अख्खी लग्नसराई त्यांनी कोरडी वाजवली. मला वाटलं, सुटलो आपण.

पुढच्याच हंगामात धुळ्याला एक वरात होती. मी तिथे नव्हते, सगळं नंतर फोनवर पाहिलं. नवरदेवाचा मामा आडवा आला. ‘‘नाना, आज रंग भरी नही ऱ्हायना. थोडीशी ल्या!’’ नानांनी वाजवता वाजवताच नकाराची मान हलवली. दोन्ही हात वाद्यावर. ‘‘कलाकार माणूस शे, त्याले काय व्हस?’’ असं म्हणत मामानं क्लॅरोनेट बाजूला सारलं आणि ग्लास त्यांच्या तोंडाला लावला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. नानांनी ओठ मिटले नाहीत.

ती पुन्हा सुटली नाही. दिवाळीच्या आत नाना गेले.

तो मामा भेटायला आला आणि ढसाढसा रडला. ‘‘दोन घोट गेले की सरस्वती उतरायची त्यांच्या बोटांत,’’ म्हणाला. माझं डोकं भणभणलं. माणूस खाल्लात आणि वर सरस्वती सांगता? पण दारी आलेल्याला काय बोलणार! एवढंच म्हटलं, ‘‘भाऊ, नाना सकाळी नुसत्या चहावर याहून गोड वाजवायचे.’’

त्यानं डोळे पुसले. अगदी साधेपणानं विचारलं, ‘‘सकायले कोनी वरात निंघस, ताई?’’

सकाळचं माझ्याकडे काहीच नाही. घरात रोज वाजतं ते कोण रेकॉर्ड करून ठेवतं? आहे तो धुळ्याचाच व्हिडिओ. त्याच्या सुरुवातीला नाना शुद्धीत आहेत, सकाळसारखं जपून वाजवतात. तेवढंच मी ऐकते. डावीकडून मामाचा हात दिसला की बंद करते.