मेव्हण्याच्या लग्नाला आलेली गिधाडं

माझ्या मेव्हण्याच्या लग्नाला एकूण अकरा गिधाडं हजर होती. पत्रिका त्यांना कुणी दिली नव्हती. त्यांना मी आणलं होतं आणि ही गोष्ट मी कधीही नाकारलेली नाही. नाकारून उपयोगही नव्हता, कारण पुरावा म्हणून छत्तीस फोटो होते आणि तेही मीच काढलेले!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरात माझा छोटासा फोटो स्टुडिओ होता. लग्न, बारसं आणि फॉर्मला चिकटवायचे पासपोर्ट फोटो यांवर घर चालायचं. (पासपोर्ट नावाची वस्तू माझ्या एकाही गिऱ्हाइकाकडे नव्हती.) पण माझा जीव अडकला होता गिधाडांत. हसा. सगळेच हसायचे. अहो, गवा बघायचा तर राधानगरीला जावं लागतं, वर पाऊस आणि खाली जळवा. गिधाड आपलं शहाण्यासारखं कागलच्या बाजूला, मेलेली जनावरं टाकायच्या माळावर येऊन बसायचं. मान वळवून, खांदे पाडून, स्टुडिओत पैसे देऊन आलेला माणूस बसत नाही असं निवांत बसायचं!

त्या माळावर इलाहीचाचा कातडी घ्यायला यायचे. त्यांनीच मला सांगितलं.

"पावणं, फोटो काढायचं असलं तर बिगीनं काढा. कमी झाल्यात."

"कमी म्हणजे?"

"आदी जनावर टाकून माझी बिडी वडून व्हायच्या आत सांगाडा दिसायचा. आता चार-चार दिवस पडून ऱ्हातंय. कुठं गेलीत कुणास ठाव!"

हे ऐकल्यावर मला चैन पडेना. आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्या बायकोच्या, म्हणजे शैलाच्या, धाकट्या भावाचं लग्न आलं. संपतचं. नवरी सीमेकडच्या एका खेड्यातली, लग्नही तिकडंच. फोटो अर्थात जावयानं काढायचे! लग्नाच्या आदल्या दिवशी घरात बांधाबांध चालली होती, आणि "रोल घेऊन येतो" असं सांगून मी तडक माळ गाठला. एका मेलेल्या बैलाभोवती अकरा गिधाडं बसली होती. मी अख्खा छत्तीसचा रोल त्यांच्यावर घालवला. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. (शैला हे वाचणार आहे, पण ते तिला आधीच माहीत आहे.)

आता चूक कुठं झाली ती सांगतो. काढून झालेला रोल कॅमेऱ्यात उलटा गुंडाळतात तेव्हा तो डबीत पूर्ण आत जाऊ द्यायचा असतो. मला मात्र फिल्मची जीभ, म्हणजे पुढचं टोक, थोडी बाहेर ठेवायची सवय. काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या काळात घरीच रोल धुवायचो तेव्हाची. जीभ बाहेर असलेला रोल कोऱ्या रोलसारखाच दिसतो. तो मी खिशात टाकला. त्याच खिशात लग्नाचे कोरे रोल होते. पुढचं शहाण्या माणसाला कळलंच असेल. मला कळायला पाच दिवस लागले.

हळदीचा रोल उत्तम आला. पंगतीचा तर त्याहून उत्तम, जिलेबीचा पाक मोजता येईल इतका! मधला, म्हणजे खुद्द लग्नाचा रोल धुऊन आला तेव्हा कलर लॅबचे मालक पाकीट माझ्या हातात न देता टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरकले.

एकाच फिल्मवर गिधाडं आणि लग्न दोन्ही! बरं, माळावरचं आभाळ इतकं लख्ख होतं की फिल्मचा तेवढा भाग जळला होता आणि फोटोत नुसता पांढरा आला होता. काळं काय ते गिधाडांचं अंग. त्यामुळे लग्न उमटलं ते फक्त गिधाडांच्या आकारात. अंतरपाट एका पंखात, भटजी दुसऱ्या पंखात. नवरीचा चेहरा बरोबर गिधाडाच्या छातीवर. वऱ्हाडी मंडळी अक्षता टाकताहेत आणि खाली बैलाचा पाय! जिथं गिधाड नव्हतं तिथं लग्नही नव्हतं.

सासरे, म्हणजे तात्या, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत फोरमन होते. भट्टीच्या आवाजात तीस वर्षं काढल्यामुळे ते घरातही दहा माणसांना ऐकू जाईल असं बोलायचे. त्या दिवशी पुरी गल्ली ऐकत होती.

"जावईबापू, ह्ये काय हाय?"

"गिधाड आहे, तात्या."

"गिधाड हाय त्ये मला बी दिसतंय! ह्येच्या पोटात कोण हाय?"

"तुम्ही आहात."

तात्यांनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. फेटा त्यांचाच होता.

"आवो, गिधाड घरावर बसलं तर लोक शांत करत्यात, शांत! तुमी नवऱ्या मुलीवर बसवलंय! पावण्यास्नी काय दाखवू मी? आत्ताच्या आत्ता निगेटिव्ह आणा. जाळायची!"

इथं मी मान खाली घालून "आणतो" म्हणायला हवं होतं. पण माझं डोकं सटकलं. कारण दोन दिवस आधी मी माळावर जाऊन आलो होतो. माळ रिकामा होता. बैल तसाच पडून होता आणि त्यावर फक्त कुत्री होती.

"जाळणार नाही," मी म्हणालो.

"काय म्हणालासा?"

"जाळणार नाही! तुमच्या लग्नाचं नुकसान झालं, मान्य. पण माझ्या गिधाडांचं काय? एका फोटोत धड गिधाड नाही, प्रत्येकात तुमचं वऱ्हाड घुसलंय! लग्नं दरवर्षी होतात, तात्या. गिधाडं परत येतील का, सांगा!"

बाहेर गल्लीतल्या माणसांची कुजबुज सुरू झाली. शैलानं कपाळावर हात मारला. संपत बिचारा नवरदेव असूनही त्याला कुणी काही विचारलं नाही.

शेवटी तोडगा निघाला. लग्न पुन्हा लावायचं! म्हणजे फोटोपुरतं. नवरीच्या माहेरी, त्याच कपड्यांत, अंतरपाट, मंगळसूत्र, सप्तपदी, सगळं. ते फोटो चांगले आले की जुन्या निगेटिव्ह तात्यांच्या हवाली करायच्या आणि त्यांनी त्या जाळायच्या. मी शैलाच्या तोंडाकडे बघून कबूल झालो. कबूल झालो, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

माझ्यावर विश्वास कुणाचाच उरला नव्हता. रोल तात्यांनी स्वतः दुकानातून आणला आणि डबीचं सील न फोडता शैलाच्या हातात दिला.

"ह्यो एकच न्ह्यायचा. ह्यांच्या खिशातला एक बी रोल चालणार न्हाई. निघताना खिसं तपास!"

शैलानं खरोखरच खिसे तपासले. रुमाल, किल्ल्या आणि एक शेंगदाण्याची पुडी. मग तो एकच रोल कॅमेऱ्यात भरून आम्ही स्कूटरवरून निघालो. रस्ता माळावरूनच जायचा. मी ठरवलं होतं की मान वळवायची नाही. पण शैलाच मागून म्हणाली, "अहो, ते बघा."

वठलेल्या बाभळीवर एक गिधाड बसलं होतं. एकटंच.

"गाडी थांबवू नका हां," शैला म्हणाली.

मी गाडी थांबवली.

"एकच काढतो."

"एकच!"

एक काढला. मग त्यानं मान फिरवली म्हणून दुसरा. मग उजेड बदलला म्हणून पाच. मी काटेरी झुडपात गुडघे टेकून बसलेला आणि माझी बायको लग्नाच्या शालूत माझ्या मागे उभी राहून रेशन दुकानदारासारखी हिशेब ठेवतेय!

"वीस झाले... सव्वीस झाले... अहो, बत्तीस! आता चारच उरलेत. एक अंतरपाट, एक मंगळसूत्र, एक सप्तपदी आणि एक तात्यांचा. आता ऱ्हावू द्या की!"

"राहिले," म्हणून मी उठलो. खरंच उठलो होतो. कॅमेराही खाली केला होता. आणि त्या गिधाडानं पंख उघडले. पूर्ण. बाभळीपेक्षा मोठे. दोन पावलं फांदीवर टाकून ते वर उचललं गेलं, आमच्या डोक्यावरून गेलं, आणि अंतरपाट, मंगळसूत्र, सप्तपदी आणि तात्या एका दमात संपले.

ते ठिपक्याएवढं होईपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो. शैला रागावेल असं वाटलं होतं. ती हळूच म्हणाली, "एकटंच होतं ओ." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या मोठ्या माळावर त्याला सोबत नव्हती याचं मला फार वाईट वाटलं. शैलानं पदरानं स्वतःचे डोळे पुसले आणि मग त्याच पदरानं माझेही.

तेव्हा मी रोल गुंडाळला. जीभ या वेळी मुद्दाम पार आत घालवली. म्हणजे सासऱ्यांसमोर माझा धीर सुटला तरी तो पुन्हा भरता येऊ नये! खेड्यात रोल मिळायची सोय नव्हती. परत फिरायला वेळ नव्हता. तिकडं सगळे सजून, मुंडावळ्या बांधून उभे होते.

मी रिकाम्या कॅमेऱ्यानं लग्न लावलं.

फ्लॅश मात्र खरा होता, आणि माणसं फ्लॅशवर विश्वास ठेवतात. तात्या फोरमनच्या थाटात माणसं हलवत होते. "हिकडं सरका! डोळं मिटू नका! फेटा वर!" मी उगाच पुढं-मागं सरकून कॅमेऱ्याला डोळा लावत होतो, खरं वाटावं म्हणून. संपतला मी मंगळसूत्र तीनदा बांधायला लावलं. शैला माझ्या मागे उभी राहून "हसा की जरा!" असं सगळ्यांना ओरडत होती. बाईनं नवऱ्याला यापेक्षा मोठी साथ कुठं दिली असेल, मला माहीत नाही! फक्त एक घोळ झाला. तात्या फ्लॅश मोजत होते.

"जावईबापू, एकुणचाळीस कसं झालं? रोल छत्तीसचा हाय न्हवं?"

रिकामा कॅमेरा थांबतो कुठं!

"कंपनी दोन-तीन जादा देते, तात्या."

"बरी हाय की कंपनी!"

आठवड्यानं तात्यांनी अंगणात घमेल्यात निखारे घालून ठेवले आणि मला निगेटिव्ह घेऊन बोलावलं. मी गेलो. एका हातात जुन्या निगेटिव्ह, दुसऱ्या हातात नवे छत्तीस फोटो. तात्यांनी चष्मा लावला. पहिला फोटो. गिधाड. दुसरा. गिधाड. दहावा. गिधाड. अकराव्याला त्यांनी चष्मा काढून पुसला.

"जावईबापू, ह्यात लगीन कुठं हाय?"

"नाही, तात्या. रोल वाटेत संपला. तिथं कॅमेरा रिकामा होता."

पुढचं तात्या जे बोलले ते मला इथं लिहिता येणार नाही. जमेल तेवढं सांगायचं तर त्यात माझे आईवडील होते, कॅमेरा कंपनी होती आणि सगळी पक्षीजात होती. मी हललो नाही. म्हणालो, "माझी चूक आहे. पण पुन्हा त्या बाभळीवर ते दिसलं तर मी पुन्हा हेच करीन. शंभरदा करीन!" तात्यांनी माझ्या हातातल्या जुन्या निगेटिव्ह हिसकावल्या आणि निखाऱ्यांकडे वळले.

तेव्हा नवी सून गिरिजा पुढं आली. घरात येऊन महिनाही झाला नव्हता आणि सासऱ्यांसमोर तिचा आवाज अजून कुणी ऐकला नव्हता.

"मामंजी, ते जाळू नका."

"का?"

"हळदीचं फोटो हायत. जेवणाचं हायत. मधलं हेबी जाळलं तर माझं लगीन झालंच न्हाई असं दिसंल की! नुसती हळद लावली आणि जेवून उठलो?"

तात्या घुटमळले. तेवढ्यात इतके दिवस गप्प असलेला संपतही बोलला. "आणि मी काय तिसऱ्यांदा लगीन करणार न्हाई. सांगून ठेवतो!"

निगेटिव्ह वाचल्या. हे सगळं मी आधीच योजलं होतं असं सांगायला मला आवडलं असतं, पण माझ्या डोक्यात तसलं काही नव्हतं. निखारे वाया जाऊ नयेत म्हणून शैलानं त्यावर शेंगा भाजल्या.

बाभळीवरचं ते गिधाड मी नंतर पुन्हा पाहिलं नाही. काही वर्षांनी कळलं की दुखणाऱ्या जनावरांना टोचायचं एक औषध मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यानंच ती मरत होती. त्या एकट्या गिधाडाचे छत्तीस फोटो मी स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावले. लोक म्हणाले, काढ ते, अशुभ आहे, नवरा-नवरी तुझ्या दुकानात पाऊल टाकणार नाहीत. बरेचसे टाकेनासेही झाले. मी फोटो उतरवले नाहीत. अजून तिथंच आहेत.

आणि गिरिजानं लग्नाचा एक फोटो मोठा करून बाहेरच्या सोप्यात भिंतीवर लावला. भलंमोठं गिधाड, छातीवर नवरा-नवरी, पंखात वऱ्हाड. परवा तिच्या माहेरचे कुणी पाहुणे आले होते. फोटो काढणारा स्वतः फोटोत कधीच नसतो, हे त्यांना कोण सांगणार! त्यांनी चष्मा वर करून एकेक माणूस ओळखत विचारलं, "सगळी दिसत्यात, पण तुमचं जावई कुठं दिसंनात?"

मी शेजारीच बसलो होतो. तात्या उठले, फोटोजवळ गेले आणि चोचीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्ये काय, मधी बसल्यात की!"