देवांच्या फरशा

नगरला आमच्या कॉलनीची कंपाउंडची भिंत रस्त्याला लागून आहे, आणि त्या भिंतीवर लिहिणाऱ्यांनी माझं डोकं फिरवलं होतं. बाण घुसलेले बदाम, क्लासच्या जाहिराती, कुठल्याशा दादांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. एकदा तर आमच्या अध्यक्षांबद्दल असं काही लिहिलेलं सापडलं, की त्यांच्या पत्नी बरेच दिवस खालीच उतरल्या नाहीत. मी कॉलनीची सेक्रेटरी आणि निवृत्त शिक्षिका, त्यामुळे रागावण्याचा मला दुहेरी हक्क. भिंतीला रंग दिला, पाटी लावली, कॅमेरा बसवला. कुणीतरी कॅमेऱ्यालाच रंग फासला.

मग देवांच्या फरशा लावायची कल्पना मीच काढली. थुंकणाऱ्यांसाठी जिन्यात लावतात तशाच. गणपती, लक्ष्मी, साईबाबा, मक्का-मदिना, येशू. कुणाची तक्रार नको म्हणून सगळेच आणले. गवंड्याने त्या भिंतभर ओळीने बसवल्या आणि खरंच, नंतर भिंतीवर एक अक्षर उमटलं नाही. कौतुक ऐकायला मी उगाचच फाटकापाशी घुटमळायचे.

त्याच भिंतीला पाठ टेकून चपला शिवणारे एक मामा बसायचे. आम्ही राहायला आलो त्याच्याही आधीपासून. खाली गोणपाट, हातात आरी, पुढ्यात दुरुस्तीला आलेल्या चपलांचा ढीग. त्यांच्या पाठीचा एक तेलकट डाग भिंतीवर पडला होता. रंग देताना मी तोही घासून घ्यायला लावला. त्या डागाच्या आसपास कधीच कुणी काही लिहिलं नव्हतं, तेवढी जागा सगळे मामांची समजायचे. हे मला आत्ता आठवतं. तेव्हा मला फक्त डाग दिसला.

फरशा बसल्या आणि आठवडाभरात कुणीतरी उदबत्ती लावली. मग जास्वंदीचं फूल आलं, मग हार. पुढच्या सभेत एक शेजारी हळूच म्हणाले की देवापुढे चपलांचा ढीग काही बरा दिसत नाही. पार्किंगवरून तासभर भांडणारी मी, त्या वेळी मूग गिळून बसले. एवढंच म्हणायचं होतं की मामा आधीचे आहेत, देव नंतर आलेत. ते माझ्या तोंडून निघालं नाही. उलट, मामांशी बोलायचं काम माझ्यावर आलं आणि मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले, तर मामा गोणपाट गुंडाळतच होते.

"तुमी कशाला तरास घेतला, बाई," ते म्हणाले. "मला कळतंय की. देवाकडं पाठ करून बसता येत न्हाई, अन् तोंड करून बसावं तर चपला त्येच्याम्होरं येत्यात."

मी त्यांना थांबवलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. वाईट काम त्यांनी स्वतःच करून टाकलं, मला तोंड उघडावंसुद्धा लागलं नाही. त्या सुटकेची मला अजून लाज वाटते.

पुढे ती मोकळी जागा जाता-येता खुपायला लागली. मी त्याच गवंड्याला बोलावलं आणि मामांच्या जागेवरच्या तेवढ्या फरशा काढ म्हटलं. लावायला हजारदा सांगा, काढायला माझा हात धजायचा नाही, असं म्हणून तो निघून गेला. मी साधा उपासही करत नाही, तेव्हा म्हटलं आपणच काढू. छिन्नी-हातोडा घेऊन भर दुपारी भिंतीपुढे उभी राहिले. समोर नेमकी लक्ष्मी होती. कुणी बघत नव्हतं, तरी हातोडा काही उचलला गेला नाही. तशीच घरी परत आले.

परवा चपलेचा अंगठा तुटला. दुसरीकडे शिवून घेता आला असता, पण मी विचारत विचारत मामांना शोधून काढलं. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, गटाराच्या कडेला, उन्हात बसले होते. मला बघून त्यांना खरोखरच आनंद झाला. भिंत आता स्वच्छ राहते का, हे त्यांनी सगळ्यात आधी विचारलं. राहते म्हटल्यावर बरं झालं म्हणाले आणि चप्पल हातात घेतली. माफी मागायचं मी घरून ठरवून आले होते. पण ते मान खाली घालून शिवत राहिले आणि मी नुसती बघत उभी राहिले.

त्यांच्या पाठीमागे कुठल्याशा गोदामाची भिंत होती, नुकताच पिवळा रंग दिलेली. चप्पल माझ्या पायाशी ठेवून मामांनी त्या भिंतीकडे वळून पाहिलं.

"बाई, तुमाला ठाव असंल म्हनून इचारतो," ते म्हणाले. "हितं न्हाई ना लावनार कुनी फरशा?"

नाही लावणार, असं मी म्हणाले. मला काय माहीत होतं?