जोड नसलेली अंगठी

सुमनकाकूंनी रुमालाची गाठ सोडली आणि माझ्या काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक अंगठी आणि एक हिरा. पाच दिवसांपूर्वी मी त्यांच्या मुलाच्या हातात दिली होती ती एकच वस्तू होती.

शुक्रवारची दुपार होती. साखरपुडा रविवारी.

“भाऊ, हाई पह्यलेसारखी करी द्या,” काकू हळूच म्हणाल्या. “पोऱ्याले काही सांगू नका. आनि पोरगीले तं बिलकुल नका सांगू.”

मी लूप डोळ्याला लावली. लूप म्हणजे आमचं दहापट मोठं दाखवणारं भिंग. हिरा धड होता. अंगठीच्या पट्टीवर आतून मात्र आचेचा काळसर डाग होता आणि टाक्याचा एक थेंब. टाका म्हणजे सोन्याचे दोन तुकडे जोडायला वापरतात तो लवकर वितळणारा धातू. काय झालं असेल ते मला कळलं.

मी शहाद्यात दागिन्यांचं छोटं दुकान चालवतो. त्याआधी अकरा वर्षं सुरतेत सेटर होतो, म्हणजे सोन्यात हिरे बसवणारा. त्यामुळे हिऱ्याच्या बाबतीत मला कोणी काही शिकवू नये, अशी माझी समजूत आहे. ती या अंगठीनं थोडी कमी केली.

महिनाभरापूर्वी काकूंचा मुलगा नीलेश आणि त्याची होणारी बायको वैशाली दुकानात आले होते. नीलेश पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. वैशाली तळोद्याला एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स. तिची अट एकच होती, प्राँगची अंगठी नको. प्राँग म्हणजे हिऱ्याला वरून धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या बारीक नख्या.

“ऑपरेशनला काढून ठेवते. पण बाकी ड्युटीत ग्लोव्हज सारखे घालते-काढते,” ती म्हणाली. “मैत्रिणीची अंगठी ग्लोव्हज फाडते. मला अशी हवी.” तिनं मोबाइलवर फोटो दाखवला.

फोटोत टेन्शन सेटिंग होतं. यात अंगठीची पट्टी पूर्ण गोल नसते. तिची दोन टोकं समोरासमोर येऊन थांबतात आणि मधल्या फटीत हिरा धरतात. नख्या नाहीत, खाली आधार नाही. लांबून पाहिलं तर हिरा हवेत उभा आहे असं वाटतं. मी मागच्या दोरीवरचा कपडे वाळत घालायचा चिमटा आणला, त्यात एक खडा धरला आणि दोघांना दाखवला. सोन्याला असाच जोर पाहिजे.

“म्हणून यात बावीस कॅरेट चालत नाही,” मी सांगितलं. “ते मऊ असतं. अठरा कॅरेटमध्ये स्प्रिंग येते.”

“आमच्या घरी बावीसच्या खालचं सोनं धरतच नाहीत,” नीलेश म्हणाला.

“मग नख्यांची घ्या.”

वैशालीनं मान हलवली आणि अठरा कॅरेटवर ठरलं. वैशालीचं बोट मी दोनदा मापलं, कारण ही अंगठी नंतर लहान-मोठी करता येत नाही. आणि बजावून सांगितलं की हिला आच लावायची नाही. तापलं की सोन्यातली स्प्रिंग मरते आणि चिमटा ढिला पडतो. वैशालीनं चार प्रश्न विचारले, सगळे नेमके. असं गिऱ्हाईक मिळालं की मला फार बरं वाटतं.

जाता जाता नीलेशनं विचारलं, “आईला काय सांगू?”

“सांगा, नवी फॅशन आहे,” मी म्हणालो आणि हसलो.

पट्टी माझ्या सुरतेच्या जुन्या वर्कशॉपमधून आली. अंगठी सुंदर झाली होती. नीलेशनं ती नेली, आईच्या कपाटात ठेवली आणि तो ड्युटीवर गेला. गाळपाचा हंगाम होता, पुढचे दिवस तो क्वार्टरवरच राहिला.

आता काकू समोर बसल्या होत्या. मी पाणी दिलं. त्यांनी घोटभर घेतलं.

“देवपुढे ठेवाले काढी,” त्या म्हणाल्या. नवा दागिना त्यांच्याकडे आधी देवापुढे ठेवतात. “हयद-कुंकू लावं. उलटी करी दखी, तं खालतून जोडच नही. माले वाटनं, कारागीर टाका माराले भुली गया. आम्हना गावना सोनारकडे लई गयू. तो बी बोलना, हाई तं उघडीच शे. त्यानी फुकनी लाई, आनि हिरा टपकन खाले पडना.”

गावच्या सोनाराला मी मनातल्या मनात काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यानं हे सेटिंग कुठे पाहिलं असणार? हिरा लवकर सुटून पडला म्हणून जास्त तापला नाही, एवढं नशीब.

“मंग मन्हाकडे काबर नही उन्यात?” मी विचारलं.

काकू रुमालाची घडी घालत राहिल्या.

“मन्हा साखरपुडानी आंगठी जोड देयेल व्हती,” त्या म्हणाल्या. “मन्ही मावशीनी बठ्ठासना समोर उलटी करी दखाडी. जुनी आंगठी वाढाईसन दिधी, आसं म्हनीसन लोके हासनात. मी रडनू. मन्ही सुनले तसं नको व्हवाले.”

उघडी अंगठी कोणी उलटी केली तर पुन्हा तेच हसू, आणि माझ्याकडे आल्या असत्या तर नीलेशला कळलं असतं, म्हणून त्या गावातल्या गावात उरकायला गेल्या होत्या.

मला त्या वेळी माझीच लाज वाटली. चिमटा दाखवून मी दोघांना समजावलं होतं. जिच्या कपाटात अंगठी राहणार होती, तिच्यासाठी माझ्याकडे नवी फॅशन हे दोनच शब्द होते.

पण गुपचूप काही करणं शक्य नव्हतं. ही पट्टी पुन्हा तो जोर धरणार नव्हती. सुरतेहून नवी यायला दहा-बारा दिवस लागले असते. रविवारी बोटात जे जाणार होतं ते वेगळंच दिसणार होतं आणि वैशाली ते पहिल्या नजरेत ओळखणार होती.

“काकू, तिले सांगनं पडी,” मी म्हणालो. “तुम्ही सांगतस का मी सांगू?”

काकूंनी रुमाल बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “तुम्हीच लावा फोन.”

वैशाली दोनला ड्युटीवरून सुटली आणि साडेतीनला दुकानात आली. काकू उभ्याच राहिल्या. मी सगळं सांगितलं, मावशीची गोष्ट सोडून. ती काकूंनी स्वतः सांगितली, खाली बघत.

“काकू, कारागीर भुलना नही,” वैशाली म्हणाली. “मीच आशी मांगेल व्हती.”

“तू चिडनी नही?”

“चिडनू ना. तळोदापाईन शहादालगून चिडेलच व्हतू. मंग तुमले दखं.”

मग ती माझ्याकडे वळली. नर्सच्या आवाजात विचारलं, “आता काय करता येईल?”

मी सांगितलं. पट्टीच्या दोन टोकांमध्ये सोन्याची छोटी वाटी जोडायची आणि हिरा तिच्यात बसवायचा. वाटीचा काठ हिऱ्याला चहूबाजूंनी धरतो. याला बेझल म्हणतात. यात स्प्रिंग लागत नाही. रविवारपुरती ही करू, टेन्शनची नंतर मागवू.

“ग्लोव्हज अडकतील?”

“नाही. काठ गुळगुळीत असतो.”

“मग मी टेन्शन कशाला निवडली?”

“फोटोत छान दिसते म्हणून.”

ती हसली. “वाटीचीच करा. कायमची.”

काकूंच्या मात्र दुसरंच लक्षात आलं होतं. “म्हंजे आते जोड ऱ्हाईच?”

“दोन राहतील,” मी खरं ते सांगितलं. “पॉलिशनंतर दिसणार नाहीत.”

त्या उठून घरी गेल्या. शनिवारी सकाळी मात्र दुकान उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसल्या होत्या. दिवसभर माझ्या शेजारी स्टुलावर बसून त्यांनी सगळं काम पाहिलं. वाटी जोडताना, हिरा बसवताना, पॉलिश करताना. शेवटी मी लूप दिली. एक डोळा मिटायला त्यांना जमेना, म्हणून त्यांनी पदरानं झाकला आणि अंगठी सगळीकडून पाहिली.

“चांगली शे,” त्या म्हणाल्या. पण चेहरा मोकळा नव्हता.

रविवारी मी मुद्दाम गेलो. नीलेशनं अंगठी घातली, टाळ्या झाल्या. वैशालीनं त्याला सगळं आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तो जरा जास्तच हसत होता. मग वैशालीची आत्या पुढे आली. “दखू दे,” म्हणाली, अंगठी काढून घेतली आणि उलटी केली. जोड डोळ्याला दिसत नव्हते. पण आत्यानं पट्टीवरून नख फिरवलं. जुन्या बायका असंच पाहतात.

“जोड देयेल शे का व हाई?” तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

मंडपातले सगळे अंगठीकडे पाहू लागले. पलीकडे काकूंची मान खाली गेली. जोड मीच मारला होता, म्हणून मी उत्तर द्यायला पुढे सरकलो.

वैशालीनं हात पुढे करून अंगठी परत घेतली.

“हा, शे,” ती तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली. “दोन शेतस. मन्ही सासूनी दिनभर शेजारे बशीसन मारी लिधात.” आणि अंगठी काकूंपुढे धरली. “आते तुम्हीच घाला.”

काकूंनी घातली. रडल्या, पण या वेळी कोणी हसलं नाही.

ती अंगठी आजही वैशालीच्या बोटात आहे. एकही ग्लोव्ह फाटला नाही, असा तिचा रिपोर्ट आहे.

टेन्शन सेटिंगच्या अंगठ्या मी अजून विकतो. चिमटा आता काउंटरवरच असतो. नवरा-नवरीला समजावून झालं की मी विचारतो, घरी ही देवापुढे कोण ठेवणार? त्या बाईंनी दुकानात येऊन अंगठी उलटी करून पाहिल्याशिवाय ती मी देत नाही. काही गिऱ्हाइकं वैतागतात, एक-दोन उठूनही गेली. जाऊ देत.